बारावा घटक

लॅपटॉपवर बाराव्या घटकाच्या उत्तराच्या चौकटीत मीराने अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं, आणि तरी तिथे दोन-तीन ओळी होत्या.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. ओळी जागेवरच होत्या. "सन दोन हजार एकच्या जानेवारीत आपल्या घरी एक पाकीट आलं पूर्णविराम ते माझ्या नावाचं नव्हतं पूर्णविराम ते मी", आणि पुढे काहीच नाही. खाली बारीक अक्षरांत हा मजकूर कधी जतन झाला ते लिहिलेलं होतं. काल, दुपारी तीन वाजून बावीस मिनिटं. काल त्या वेळी मीरा गच्चीवर शिकवणीच्या नऊ मुलांना अपूर्णांक समजावून सांगत होती.

तिला भीती वाटली ती "पूर्णविराम" या शब्दाची. बोटांनी लिहिणारा माणूस वाक्याच्या शेवटी टिंब देतो, तो शब्द लिहीत बसत नाही. तसं लिहिणारा या घरात एकच होता. बाबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, बोटं शेवटी शेवटी फार थरथरायची. मग ते फोन ओठांजवळ धरून आपल्या अभ्यासक्रमाची उत्तरं सांगायचे, आणि फॅक्टरीत कारकुनाला मजकूर सांगायची जन्माची सवय असल्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर ठणकावून "पूर्णविराम" म्हणायचे. फोन बिचारा आज्ञाधारक, तो शब्दच उमटवून द्यायचा. बाबांनी तो कधी खोडला नाही आणि कॉलेजच्या मॅडमनीही कधी हरकत घेतली नाही. पण बाबांना जाऊन उद्या वर्ष होणार होतं.

वर्षश्राद्धासाठी घर भरलं होतं. भरलं म्हणजे थोरले दीर नीलकंठ नागपूरहून आणि नणंद दीपा बिलासपूरहून आली होती, एवढंच. पण कांचघर मोहल्ल्यातल्या त्या चार खोल्यांत ही दोन माणसं उतरली की दहा उतरल्यासारखी वाटायची. नीलकंठदादांना सगळं शास्त्रानुसार हवं असायचं आणि दीपाला सगळं तिच्यानुसार. सकाळपासून वड्यांच्या पिठात मीठ किती यावरून दोघांचं दोनदा वाजलं होतं, आणि मीराचा नवरा आलोक नेहमीप्रमाणे जो शेवटी बोलला त्याच्या बाजूचा होता.

दादा घमापूरच्या बाजारातून एक लाकडी चौकट घेऊन आले होते. तिच्यात उद्या बाबांचं प्रमाणपत्र बसवून फोटोशेजारी ठेवायचं होतं. मराठी मंडळातल्या सगळ्यांना त्यांनी तसं सांगूनही ठेवलं होतं. बाराव्या घटकाचं उत्तर पाठवलं की प्रमाणपत्र लगेच निघत होतं, कारण शेवटचा घटक कुणी तपासत नव्हतं. तो विद्यार्थ्याने स्वतःच तपासायचा, असा त्या कॉलेजचा नियम होता.

बाबांनी, म्हणजे शरच्चंद्रांनी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी नीतिशास्त्राच्या या अभ्यासक्रमाला नाव घातलं तेव्हा घरात सगळे हसले होते. घरी बसून शिकायचं, आपल्या गतीने शिकायचं. वर्ग नाही, मुदत नाही, परीक्षेची घंटा नाही. "फॅक्टरीत गेज असायचं," ते म्हणाले होते. "माल त्यातून गेला तर पास, नाही गेला तर रद्द. घरात केलेल्या गोष्टींना गेज कुठून आणायचं, ते शिकून राहिलो मी." एकाएकी असं काय झालं की त्यांना घरातल्या गोष्टी मोजाव्याशा वाटल्या, हे त्यांनी सांगितलं नाही. सात घटक झाले आणि ते गेले.

ग्वारीघाटावर दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आईला सांभाळू म्हणून नीलकंठदादांनी हात जोडले, कावळा हलला नाही. भावांशी भांडणार नाही असा दीपाने शब्द दिला, तो बहुतेक कावळ्यालाही खरा वाटला नसावा. आलोकने तर बोलायलाच तोंड उघडलं नाही, नुसता पाण्याकडे बघत उभा राहिला. दीड तास गेला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या मीराच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुमचा कोर्स मी पूर्ण करीन." घाटावरच्या पायऱ्यांवरून कावळा चालत आला. उडत नाही, चालत. मीराने तो पुढे कित्येक दिवस डोळ्यांपुढून घालवायचा प्रयत्न केला.

तेव्हापासून ती मेलेल्या माणसाच्या नावाने नीतिशास्त्र शिकत होती. यात काही गडबड आहे असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. कावळ्याला दिलेला शब्द, तो पाळायचा, संपलं. प्रत्येक उत्तराखाली एक ओळ असायची, "हे उत्तर माझे स्वतःचे असून खरे आहे", आणि तिच्यापुढच्या चौकोनात खूण करावी लागायची. मीराने ती चारदा केली होती. पहिल्यांदा बोट अडखळलं, चौथ्यांदा अडखळलं नाही. नवव्या घटकाचा विषय तर खोटं बोलणं हाच होता, आणि त्यात तिला सगळ्यांत चांगले गुण मिळाले होते.

खरी अडचण अशी की तिला ते शिकणं आवडायला लागलं होतं. सकाळी पोळ्या लाटताना ती कर्तव्य आणि परिणाम यांचा विचार करायची. दहाव्या घटकावर मॅडमनी लिहिलं होतं, "शरच्चंद्रजी, या वयात इतका ताजा विचार करणारा विद्यार्थी मी पाहिला नाही." मीराने ते वाक्य सात-आठ वेळा वाचलं आणि कुणालाच दाखवलं नाही, कारण दाखवणार कुणाचं म्हणून? तिला शाबासकी मिळाल्याला पंचवीस वर्षं झाली होती. लग्नानंतर दोन वर्षांनी तिने सरकारी शाळेतल्या शिक्षिकेची परीक्षा दिली होती, लेखीत पास होऊन भोपाळला मुलाखतीलाही गेली होती. तिथे एका प्रश्नावर ती जे बोलली त्याला समोरचे तिघंही हसले. पुढे कुठलंच पत्र आलं नाही. ते हसू, आणि आपलं ते मूर्ख उत्तर, मीराने तेव्हापासून रोज नाही तरी दर आठवड्याला आठवलं होतं. आपल्याला तेवढी अक्कल नाही हे तिने मान्य करून टाकलं, आणि गच्चीवर शिकवण्या घेतल्या.

आणि हे पाकीट पहिलं नव्हतं. म्हणजे असं काही उमटणं पहिलं नव्हतं. दहाव्या घटकात तिच्या उत्तराच्या शेवटी एक ओळ जास्त निघाली होती, "जे माहीत असून सांगितलं नाही ते खोटंच पूर्णविराम". बाबांच्या वहीतून चुकून उतरवली असेल म्हणून तिने ती खोडली. अकराव्यात पहिल्याच ओळीत होतं, "मीराला सांगायचं राहिलं पूर्णविराम". तीही तिने खोडली, घाईघाईने, कुणी मागे उभं असल्यासारखी. मग देवापाशी दिवा लावला आणि स्वतःला समजावलं की आपण थकलो आहोत.

आज तिने हाक मारली. "अहो, इकडे या नं जरा."

आलोक हात पुसत आला. वाचताना त्याचा खालचा ओठ हलत होता. "तूच लिहिलं असशील," तो म्हणाला. "थकून राहिली तू आजकाल."

"मी पूर्णविराम असं लिहीन काय?"

"मग मिटव नं. नवीन लिही, पाठव, खतम कर. दादा सकाळपासून चौकट घेऊन बसून राहिला."

"कोणतं पाकीट, अहो?"

"मला काय माहीत?" हे त्याने जरा लवकरच म्हटलं. मीरा त्याच्याकडे बघत राहिली.

दीपा स्वयंपाकघरातून उडदाच्या पिठाने माखलेले हात वर धरून आली, तिच्या मागोमाग नीलकंठदादा. या घरात दोन माणसं हळू बोलायला लागली की बाकीची आपोआप जमायची. दीपाने मोठ्याने वाचलं.

"बाबा आले," दादा म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉपला हात जोडले.

"बाबा आले असते तर पहिले चहा मागितला असता," दीपा म्हणाली. "पासवर्ड बाबांचा फॅक्टरीतला टोकन नंबर आहे, दादा. तुला माहीत, मला माहीत, सबको पता है. कोणीतरी चेष्टा करून राहिलं."

"वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी कोण चेष्टा करते?"

मग दीपा मीराकडे न बघता म्हणाली, "वहिनी, राग नको मानू. पण वर्षभर तू बाबांच्या नावानं लिहून राहिली. त्यांच्यासारखा विचार करून राहिली. माणसाला मग समजत नाही, कोणतं आपलं नि कोणतं त्यांचं."

"मी पण तेच म्हणतो," आलोक म्हणाला.

"तू चूप बस," दादांनी त्याला झापलं. "मीरानं शब्द दिला म्हणून कावळा शिवला. बाबांचा तिच्यावर विश्वास होता. तिच्या हातानं नाही तर कोणाच्या हातानं लिहितील ते?"

म्हणजे दादा तिच्या बाजूला होते आणि नवरा नणंदेच्या. एरवी मीराला याचं हसू आलं असतं. "आई कुठं आहेत?" तिने विचारलं.

"बाबांच्या खोलीत. जेवून पडली आहे," दीपा म्हणाली. "तिला नको सांगू हं यातलं. घाबरून जाईल."

तेवढ्यात आतून टुंग असा बारीक आवाज झाला. बाबांचा फोन ऐकायला तयार झाला की असाच वाजायचा. आई तो फोन वर्षभर रोज चार्ज करून ठेवत होत्या, बाबांच्या उशाशी. म्हाताऱ्या माणसाची माया म्हणून कुणी त्यांना हटकलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. रोज या वेळी मीरा गच्चीवर असायची. आज पाहुण्यांमुळे शिकवणीला सुटी होती, म्हणून ती खाली होती.

आणि बाबा बोलले.

आधी तो घसा साफ केल्याचा आवाज, जो ते कुणाला काही सुनावण्यापूर्वी काढायचे. मग जड, एकेका शब्दावर हात ठेवून पुढे जाणारा स्वर. "ते मी ठेवून घेतलं. पूर्णविराम. मीराला दिलं नाही. पूर्णविराम."

दीपाने मीराचा दंड धरला. पीठ तिच्या बाहीला लागलं. लॅपटॉपच्या पडद्यावर थोड्या वेळाने तेच शब्द उमटले, कुणी बोट न लावता. चौघंही तिथेच उभी राहिली. कुणालाच खोलीत जायचं नव्हतं आणि कुणालाच एकटं मागे राहायचं नव्हतं. शेवटी मीराच पुढे झाली, बहुतेक तिचं नाव घेतलं गेलं होतं म्हणून.

खोलीत ऊन होतं. खिडकीशी बाबांच्या खुर्चीत भानुमती, तिची सासू, ताठ बसली होती. नेहमी वाकून बसणारी बाई. गळ्यात बाबांचा मफलर, डोळ्यांवर बाबांचा जाड काचेचा चष्मा, आणि फोन ओठांजवळ. आईंचा आवाज म्हणजे इतका बारीक की भाजीवाल्याला हाक मारायलाही त्या मीराला पाठवायच्या. आता त्या लहानशा तोंडातून दुसराच आवाज येत होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्याचं काही आश्चर्य नव्हतं.

"पाकिटावर सरकारी शिक्का होता. पूर्णविराम. पोस्टमन सकाळी अकराला आला होता. पूर्णविराम. मी सही करून घेतलं आणि बंबात घातलं. पूर्णविराम. तो मंगळवार होता. पूर्णविराम."

"आई," नीलकंठदादा म्हणाले. आईंनी मान वळवली नाही.

सरकारी शिक्का, दोन हजार एक, जानेवारी. मुलाखतीनंतर मीरा रोज पोस्टमनची वाट बघत दारात बसायची, आणि आई तिला आत बोलवायच्या, "चल गं, येईल तेव्हा येईल." तिला ओरडावंसं वाटलं. पण वर्षभर बाबांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन तिला एक सवय लागली होती, आधी उत्तर तपासायची.

"बाबा," ती म्हणाली.

"वहिनी, नको," दीपा कुजबुजली.

"बोल, मीरा," खुर्चीतून उत्तर आलं.

मीरा खुर्चीच्या आणखी जवळ गेली. "पोस्टमन अकराला आला, म्हणता तुम्ही. मंगळवारी. मंगळवारी अकराला तुम्ही फॅक्टरीत असायचे, बाबा. पाच वाजताचा भोंगा झाल्याशिवाय तुम्ही कधी घरी आले नाही. दीपाताईंच्या साखरपुड्यालासुद्धा पूर्ण पाळी करूनच आले होते."

खुर्चीतला घसा पुन्हा साफ झाला. "हो," बाबा म्हणाले. "तीन वर्षं बाकी होती नोकरीची."

"मग पाकीट कोणी घेतलं?"

"माझ्या नावावर लिही तू."

"काहून?"

"हिचं वय झालं. हिला बोलणी बसतील. मी गेलेला माणूस, मला कोण काय म्हणणार? हिनं मला मी जायच्या काही महिने आधी सांगितलं. चोवीस वर्षांनी सांगितलं. मी म्हटलं, मी शिकतो, काय करायला पाहिजे ते पाहतो, आणि शेवटच्या घटकात माझ्या नावावर घेतो. असं ठरलं होतं आमचं. मी सातवर राहिलो." मग जरा थांबून, "हिला पुढचं येत नव्हतं. म्हणून मीच येतो तीन वाजता."

दीपा रडायला लागली. नीलकंठदादांनी दाराची चौकट धरली. आणि आलोक, ज्याने घाटावर तोंड उघडलं नव्हतं, तो आता बोलला. "मला माहीत होतं, मीरा."

मीरा वळली.

"बाबांनी सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी. म्हणाले, तू नको बोलू, मी लिहिणार आहे. मग ते गेले. मला वाटलं, आता काहून उकरून काढायचं..."

"सव्वा वर्ष," मीरा म्हणाली. "सव्वा वर्ष माझ्या शेजारी बसून जेवले तुम्ही."

दीपा मध्ये पडली, पण भावाच्या बाजूने नाही. "आलोकदादा, शरम वाटायला पाहिजे तुला. आणि मला पण. इतकी वर्षं मी हिला म्हणून राहिली, वहिनी, नोकरीला हिंमत लागते, घरात बोलणं वेगळं. देवा रे." ती मीराच्या बाजूला येऊन उभी राहिली. मीरा लग्न होऊन या घरात आल्यापासून दीपा पहिल्यांदाच त्या बाजूला आली होती.

म्हणून मग दादांनी बाजू बदलली. घरातल्या चारांपैकी कुणीतरी आईच्या बाजूला हवंच होतं. "हे बघा, जे झालं ते झालं," ते म्हणाले. "बाबांनी आपल्या अंगावर घेतलं नं? मोठेपणा आहे त्यांचा. तसंच जाऊ दे. मीरा, बाई, एक खूण करायची आणि पाठवायचं. आई अठ्ठ्याहत्तरची आहे. उद्या इतके लोक येणार, तिनं कोणाला तोंड दाखवायचं? आणि तू शब्द दिला आहे. शब्द मोडून बाबा असेच अडकून राहिले तर?"

मीराला पहिल्यांदा राग आला तो यावर. म्हणजे बाबांना सोडवायची जबाबदारी तिची, आईंना वाचवायची जबाबदारी तिची, आणि जळलेलं पाकीटही तिचंच. पण रागाच्या खाली एक गोष्ट होती जी तिला दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त हवी होती, आणि ती या खोलीत आत्ता होती.

"बाबा, त्या पाकिटात काय होतं?"

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "मी विचारलं होतं. ही म्हणाली, न वाचताच टाकलं."

"आई लग्नपत्रिका तीन-तीनदा वाचतात."

"मी पण तेच म्हटलं हिला."

"मग आईंना विचारायचं आहे मला. आई, तुम्ही सांगा."

भानुमतीचं तोंड उघडलं. गळ्यातली शीर ताणली गेली, ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मफलरच्या घड्या नुसत्या वरखाली होत राहिल्या. मग तोंड मिटलं आणि तोच जड स्वर आला, या खेपेला जवळजवळ दिलगीर. "हिला जमत नाही, मीरा. मी पाहिलं आहे. हिला जमत नाही."

दादांनी रामरक्षा सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीत विसरले.

मीरा बाहेर गेली. बाहेर जाताना तिला वाटलं की आता पळून जावं, चप्पल घालावी आणि थेट स्टेशन गाठावं. ती लॅपटॉपपाशी थांबली, तो उचलला आणि आत घेऊन आली. पलंगावर ठेवून तिने बाराव्या घटकाचं सगळं उत्तर निवडलं, पाकीट, पोस्टमन, मंगळवार, सगळे पूर्णविराम, आणि खोडून टाकलं. चौकट कोरी झाली.

"काय केलं हे?" दादा ओरडले.

"खोटं होतं ते, दादा. मी चार घटक खोटे पाठवले, पाचवा नाही पाठवणार. मॅडमना लिहून टाकते सगळं. प्रमाणपत्र नाही येणार उद्या."

"आणि बाबा?"

खुर्चीतून श्वास ऐकू येत होता, कष्टाचा, बाबांच्या शेवटच्या आठवड्यातला. "मीरा," तो आवाज म्हणाला, "मला जाऊ दे आता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाने तिला कधी दुखावलं नव्हतं. त्याने केलं ते इतकंच की दुसऱ्याचं खोटं चांगल्या मनाने उचललं आणि ते उचलून कुठे ठेवायचं हे शिकता शिकता तो संपला. ती खुर्चीसमोर जमिनीवर बसली.

"जा, बाबा," ती म्हणाली. "तुमचं काही राहिलं नाही. मी नाही अडवत तुम्हाला. पण आईंना इथं ठेवून जा."

तिने हात पुढे करून म्हातारीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग मफलर सोडवला, एक वेढा, दुसरा वेढा. फोन सुटेना, बोटं एकेक करून उघडावी लागली. हात बर्फासारखे गार होते. खोलीत ऊन असूनही गार. चष्म्याशिवाय ते डोळे आधी कुणाचेच वाटले नाहीत, नुसतेच उघडे, आणि तेवढ्या वेळात मीराला वाटलं की आपण चुकलो, आता इथे कुणीच उरलं नाही.

"मी बसली आहे, आई," ती म्हणाली. "मला कुठं जायचं नाही. तुम्ही वेळ घ्या."

गल्लीत भंगारवाला ओरडत गेला आणि त्याची हाक वळणापलीकडे विरली. आलोक दारात खाली बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. दीपाच्या हातावरचं पीठ वाळून तडकायला लागलं होतं. म्हातारीची पाठ हळूहळू वाकली, रोजच्यासारखी, आणि ती वाकली तेव्हा मीराला कळलं की खुर्चीत कोण आहे.

"पिवळा कागद होता," भानुमती म्हणाली. आवाज इतका बारीक की दाराशी असलेल्यांना पुढे व्हावं लागलं. "हिंदीत होतं. मी दोनदा वाचलं."

"काय होतं त्यात?"

"सिवनीला जायचं होतं तुला. पंधरा दिवसांत. मी म्हटलं, ही गेली की हे फॅक्टरीत, पोरं आपापल्या कामाला, दुपारभर मी या घरात कोणाशी बोलणार? दुसरं काही नव्हतं मनात. तू घरी नव्हती त्या वेळी, पाणी तापत होतं, बंबाचं झाकण उघडंच होतं." तिने मीराच्या तोंडाकडे बघितलं आणि लगेच नजर खाली केली. "मग तू दारात बसायची वाट पाहत. मी रोज पाहायची तुला. सांगते म्हणायची, आणि रात्र व्हायची."

"आई, काय लिहिलं होतं?"

"मीच टाकलं गं ते. यांनी नाही. मी."

"ते समजलं. काय लिहिलं होतं?"

"नाव होतं तुझं. पूर्ण नाव. आणि चौथा नंबर होता, साऱ्या मुलींमध्ये." म्हातारीने डोळे मिटून घेतले. "तू पास झाली होती, मीरा."

माफ केलं असं मीरा म्हणाली नाही, आणि दादांनीही तिला म्हणायला लावायचं धाडस केलं नाही. तिने सासूचे गार हात आपल्या हातांत घट्ट धरले, मायेने की सुटून जाऊ नयेत म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"तू पास झाली होती."

मीराने तिला ते पुन्हा सांगायला लावलं. आणि मग आणखी एकदा.